चौथी वाकळ

"तिसरी लिवलीस?"

"लिवली, आत्ती. 'सासऱ्याची दोन धोतरं, वर सासूचं हिरवं लुगडं.' फुडं?"

"फुडं पाचवी."

अंजनीची पेन्सिल थांबली. "आनि चौथी?"

"चौथी न्हाय. पाचवी लिव म्हनलं न्हवं?"

सुनेने सासूच्या तोंडाकडे बघितलं. गुणाबाई नदीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे नदी म्हणजे तिला नुसता पांढरा उजेड दिसायचा. पण तोंड असं करून बसायची, जणू पलीकडच्या काठावर कोण कोण आलंय ते मोजतेय. अंजनीने वहीत तीनच्या खाली पाच घातले आणि मधली एक ओळ मोकळी सोडली.

भाद्रपद सरत आला होता. घट बसायला पाच दिवस उरले होते, आणि त्याआधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं मार्कंडेय नदीवर नेऊन धुवायची अशी त्या गावाची रीत. राखेच्या पाण्यात भिजवलेल्या वाकळा बायका पायांनी तुडवायच्या, दोघी दोन टोकांना धरून पिळायच्या आणि खडकांवर पसरायच्या. कोणाच्या घरात किती वाकळा आणि कोणाच्या टाक्याला काय वळण, हे त्या दिवशी सगळ्या गावाला दिसायचं. त्यामुळे गुणाबाईला हा दिवस सणापेक्षा जास्त आवडायचा. वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारी बाई आसपासच्या चार गावांत नव्हती, आणि ही गोष्ट कोणी विसरलंच तर ती स्वतः आठवण करून द्यायची. परक्या वाकळेचा कोपरा दोन बोटांत धरून "ह्ये टाके हाईत का कोंबडीची पावलं?" असं तिने भल्याभल्या बायकांना विचारलेलं होतं.

आता तिला स्वतःचेच टाके दिसत नव्हते. बेळगावच्या डॉक्टरने डोळ्यांपुढे बोटं धरून किती आहेत ते विचारलं, तेव्हा तिने अंदाजाने तीन सांगितली. दोन होती. त्या दिवशी घरी आल्यावर बैलगाडीतून उतरल्या उतरल्या ती सुनेला म्हणाली, "एक वही बग गं. माझ्या वाकळा लिवून काडायच्या हाईत. मी गेल्यावर ह्या चिंध्या कुनाच्या हुत्या, कुनाला कळायचं न्हाय."

अंजनी मराठी चौथी शिकलेली होती. तिला सातवा महिना लागला होता म्हणून नदीच्या पाण्यात उतरायचं नव्हतं. करंजाच्या सावलीत बसून लिहायचं एवढंच काम. पहिल्या खेपेला पाचव्यातच पोर गेलं होतं, त्यामुळे घरात तिला कोणी घागरसुद्धा उचलू देत नव्हतं. पाण्यात उतरली होती ती बायाक्का, गुणाबाईची धाकटी जाऊ. पंचावन्न वर्षांची, हाडाने काटक, विधवा, मूलबाळ नसलेली. एकाच घराच्या दोन सोप्यांत दोघी जावा राहत. मधली भिंत वाटणीत घातलेली, पण चूल पेटवायला विस्तव कधी या सोप्यातून त्या सोप्यात, तर कधी तिकडून इकडे जायचा. दोन्ही घरच्या वाकळा दर वर्षी बायाक्काच तुडवायची.

"सातवी," गुणाबाईने मांडीवरच्या वाकळेचा कोपरा चाचपला. तिने शिवलेल्या प्रत्येक वाकळेच्या एका कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचे टाके होते, पहिलीला एक, दुसरीला दोन, असे. डोळे होते तेव्हा ती नुसती हौस होती. आता त्यांचाच आधार होता. "सात. ही माझ्या भावाची. बसऱ्याच्या लढाईला गेलता. कपडं आली, त्यो आला न्हाय. खाकी कापड सुईला लई तरास देतंय बग. बोटं सुजली हुती माझी."

"लिवू? बोटं सुजली म्हनून?"

"ते नगं. खाकी म्हन, आनि भावाचं नाव घाल."

मग अकरावी आली, नवरा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता तेव्हाची, जिला अजून पावसाळ्यात तंबाखूचा वास सुटायचा. सोळावी अंजनीच्या लग्नातली. सतरावी नवऱ्याच्या पटक्याची, ती लिहिताना गुणाबाई जरा घुटमळली, मग म्हणाली, "रंग लिव. गुलाबी हुता." एकोणिसावी शेवटची. त्यानंतर कापडाचा कंट्रोल आला, अंगावरचंच फाटेपर्यंत वापरायची वेळ आली, वाकळेला जुनेरं कुठून मिळणार.

"म्हंजे एकुनीस," अंजनीने ओळी मोजल्या. "पर इथं अठराच हाईत."

गुणाबाईने मांडीवरच्या वाकळेची घडी घातली. तेवढ्यात बायाक्का लुगडं खोचलेलं तसंच, ओल्या पायांनी वर आली. काखेत एक छोटं बोचकं होतं. ते तिने अंजनीच्या पुढ्यात सोडलं.

"अंजने, ही घे. वाळली की तुझ्या ट्रंकेत ठेव."

हातभर लांबीची बाळवाकळ होती. मधोमध पिवळं, कडेला तांबडं, दोन्ही रंग विटून मातीच्या जवळ आलेले. पण टाके अजून ओळीने उभे होते, तांदळाएवढे, एकसारखे. गुणाबाईने सवयीने हात पुढे केला. बोटं कोपऱ्यापाशी गेली. एक, दोन, तीन, चार. तिने हात मागे घेतला.

"ही नदीला कशाला आनलीस, बाया?"

"धुतली. पस्तीस वर्सांत पानी लागू दिलं न्हवतं. मालूचा वास जाईल म्हनायची. आता कसला वास ऱ्हायलाय, आक्का." बायाक्का हसली. तिचं हसणं लाजऱ्या मुलीसारखं होतं, या वयातही. "घरात पोर येतंय. म्हनलं, माझ्या उशाखाली कुजन्यापरास त्येच्या अंगाखाली जाऊ दे."

अंजनीचे डोळे भरून आले. तिने वाकळ उचलून उराशी धरली.

"ठेव ती खाली," गुणाबाई म्हणाली.

"आत्ती?"

"ठेव म्हनलं न्हवं? माझ्या नातवाच्या अंगाला ती वाकळ लागायची न्हाय. परत दे तिला."

शेजारच्या खडकावर शालूबाई कपडे बडवत होती, तिचा हात थांबला. आणखी दोघीतिघींनी माना वळवल्या. बायाक्का उभी होती तशीच उभी राहिली. पायाखालच्या खडकावर तिच्या लुगड्याचं पाणी ठिबकत होतं.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "मेलेल्या पोरीची वाकळ, आनि देनारी वांझोटी. माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाय. तुमचं बरूबर हाय, आक्का."

चाळीस वर्षांत बायाक्काने थोरल्या जावेला 'तुमी' म्हटलं नव्हतं. तिने ओली वाकळ उचलली, पदराखाली घेतली आणि राहिलेली धुणी तिथेच टाकून ती गावाच्या वाटेला लागली. तिला हाक मारायची, तसं न्हाय गं म्हणायचं, हे गुणाबाईला कळत होतं. पण पुढचं वाक्य काय बोलायचं? ते तर तिला पस्तीस वर्षांत बोलता आलेलं नव्हतं.

दिल्लीला दरबार भरला त्या साली गावात प्लेगचे उंदीर पडले. गावकामगार सनदीने दवंडी दिली आणि गाव माळावर गेलं, तुराट्यांच्या खोपी घालून राहिलं. गुणाबाईचा थोरला मुलगा नागोजी तेव्हा अडीच वर्षांचा होता. एका सकाळी तो उठला तो मान वाकडी धरून. काखेत गाठ होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. सरकारी माणूस रॉकेलची बाटली घेऊन आला आणि नागूचं सगळं बाहेर काढा म्हणाला. दुपटं, टोपडं, उशी, तिसऱ्या वाकळेचा अर्धा भाग, सगळं त्याने खोपीसमोर जाळलं. आज वहीत जी तिसरी लिहिली गेली ती नंतर जोडून पुरी केलेली. गुणाबाईने सगळं मुकाट्याने दिलं. एक झबलं तेवढं जोंधळ्याच्या मडक्यात तळाशी कोंबलं. शहापुरी लुगड्याच्या काठाचं झबलं, तिने स्वतः शिवलेलं. नागूचं म्हणून काहीतरी जगात राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याच माळावर, त्याच खोपीत महिन्याभराने बायाक्काला मुलगी झाली. फाल्गुनात गाव परत आत आलं, घरं सारवली, बायाक्का म्हणाली, "आक्का, पोरीला वाकळ तुझ्याच हातची पायजे." गुणाबाईने आठ दिवस खपून ती शिवली. वाकळेची शेवटची बाजू बंद करण्याआधी आत भाकरीचा एक तुकडा घालतात. वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही, नाहीतर तिच्यात निजणारा उपाशी राहतो, अशी समजूत. गुणाबाई भाकरी आणायला उठली आणि मडक्यापाशी थांबली. झबलं काढून तिने हुंगलं. मग भाकरीऐवजी तेच आत घातलं आणि टाके बंद केले. घरातलं लेकरू या वाकळेत निजेल, आणि त्याच्या उबेत आपला नागूही निजेल. तिला एवढंच वाटलं होतं. वाईट काही वाटलं नव्हतं.

वाकळ दिल्यापासून नवव्या दिवशी मालूला ताप भरला. जांघेत गाठ आली. तीन महिन्यांची होती.

गावात त्या पंधरवड्यात आणखी दोन माणसं गेली, त्यांनी ही वाकळ कधी पाहिलीही नव्हती. त्यामुळे मालू कशाने गेली ते देवालाच ठाऊक. पण गुणाबाईला दुसरं काही खरं वाटेना. बायाक्काला पुन्हा मूल झालं नाही. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवराही गेला. आणि गुणाबाईला मात्र पुढे भरमू झाला, वाढला, त्याचं लग्न झालं. त्या सगळ्या वर्षांत बायाक्का वाकळा तुडवत राहिली आणि गुणाबाई मोजताना तीनवरून पाचवर जात राहिली.

नदीवरून आल्यापासून बायाक्काच्या सोप्याचं दार लागलेलं होतं. अंजनी भाकरी घेऊन गेली, ती ताट तसंच परत घेऊन आली. रात्री भरमू आईला म्हणाला, "तू काय बोललीस काकीला? सारं गाव बोलतंय." गुणाबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या इवल्याशा वाकळेत आता रोग उरलेला नाही, हे तिलाही कळत होतं. पण अंजनीच्या पोटातल्या पोराच्या बाबतीत तिला कळण्यावर विसंबता येत नव्हतं. आणि आता दुसरी गोष्ट त्याहून मोठी झाली होती. आपण बायाक्काला अपशकुनी मानतो असं बायाक्काला वाटत होतं, आणि तसंच वाटत ती मरेल. पोरगी घेतली ते घेतलं, आता तिची अब्रूही आपणच घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला हात लावत शेजारच्या सोप्यात गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"बाया, ती वाकळ आन. आनि कात्री."

"कशाला? फाडून टाकायची हाय?"

"आन तू."

वाकळ आली. गुणाबाई उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसली, शेवटची बाजू बोटांनी शोधली आणि एकेक टाका कापायला लागली. दिसत नव्हतं, दोनदा कात्री बोटाला लागली. बायाक्का समोर उभी राहून बघत होती. वीतभर उसवल्यावर गुणाबाईने आत हात घातला आणि घडीचा एक चपटा तुकडा बाहेर काढला. कापडाचे पदर एकमेकांना चिकटले होते. पण काठ तांबडा होता, आणि गळ्यापाशी बांधायचा बंद अजून जागेवर होता.

बायाक्का खाली बसली. "ह्ये नागूचं हाय."

"नागूचं. जाळायला दिलं न्हवतं मी. दडवून ठेवलं हुतं. आनि भाकरीच्या जागी ह्येच घातलं. तुझ्या पोरीच्या वाकळंत मी घातलं, बाया. म्हनून तवा नदीला नगं म्हनलं. तुझ्यामुळं न्हाय. माझ्यामुळं."

बायाक्काने झबलं हातात घेतलं नाही. बाहेर भरमू बैलाला हाकारत होता, त्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"पस्तीस वर्सं," ती म्हणाली. "पस्तीस वर्सं मी ती उशाखाली घिऊन निजले, आक्का."

"ठावं हाय मला."

"तू आता जा."

गुणाबाई उठली. वाकळ आणि झबलं उंबऱ्यातच राहिलं. भिंतीला हात लावत ती आपल्या सोप्यात आली आणि दिवसभर एका जागी बसून राहिली. अंजनीने जेवायला हाक मारली तर म्हणाली, भूक न्हाय. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं तिला कधीतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं एकटीने उचललेलं ओझं तिने दुसरीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि ते मुळात त्या दुसरीचंच होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी दुपारी अंजनी सोप्यात बसून घटासाठी धान्य निवडत होती. बायाक्का आली. दारातून आत यायला ती कधी विचारत नसे, आज उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबली, मग आत आली आणि गुणाबाईसमोर बसली. काखेत वाकळ होती. पदराच्या गाठीतून तिने काहीतरी काढून गुणाबाईच्या तळहातावर ठेवलं. गुणाबाईने अंगठ्याने चाचपलं. जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा होता, अजून कोमट.

"ह्यो आत घाल. पस्तीस वर्सं उपाशी हाय ती."

गुणाबाईने उसवलेल्या बाजूतून हात आत घातला. झबलं आतच होतं. धुतलेलं, नीट चौघडी घातलेलं.

"बाया, ह्ये..."

"ऱ्हाऊ दे त्ये. काडून कुठं ठेवू? दोघं इतकी वर्सं एका जागी हाईत." बायाक्काचा आवाज कोरडा होता. "तुझा राग येतोय मला, आक्का. येतोय, मग जातोय, मग परत येतोय. माफ केलं असं म्हनायला जीभ उचलंना. पर ही शिवायला मला तुझ्याबिगर कोन हाय?"

"कुनी न्हाय."

"अंजनीच्या पोराला नगं ही. तुझं खरं हाय. त्येला दुसरी शिवू. माझं जुनं लुगडं हाय एक, त्ये घे. ही मी गेले की माझ्यासंगं घाला. तवा जाळायची ऱ्हायली हुती, आता जाळा. दोघं माझ्यासंगं येतील."

अंजनीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिला सगळं कळलं नव्हतं, पण विचारायचं नाही एवढं कळलं. ती उठली, फडताळातून वही काढली, आणि तीन आणि पाचच्या मधल्या मोकळ्या ओळीवर पेन्सिल टेकवून बसली.

"आत्ती," ती हळूच म्हणाली. "चौथी लिवू?"

गुणाबाईने भाकरीचा तुकडा आत सारला, झबल्याच्या घडीवर ठेवला. "लिव. चौथी, मालूची. आत नागूचं झबलं." थोडं थांबून ती म्हणाली, "आनि भाकरी."

बायाक्काने सुई आणली होती. सुई शोधायला गुणाबाईने हात पुढे केला, दोरा चाचपून नेढ्यात घालायला गेली, एकदा, दोनदा. दोरा बाजूने निसटत होता. बायाक्काने तिच्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून ओवलं आणि सुई परत तिच्या बोटांत दिली.

गुणाबाई शिवायला लागली. टाके वेडेवाकडे पडत होते, एक लांब, एक आखूड, आणि तिच्या बोटांना ते कळत होतं. नदीवर कोणाच्या वाकळेत असे टाके दिसले असते तर तिने काय म्हटलं असतं तेही तिला ठाऊक होतं. बायाक्का उसवलेल्या बाजूच्या दोन्ही कडा एकत्र धरून समोर बसली होती. दोरा संपला की ती सुई घ्यायची, ओवायची आणि परत द्यायची.